आवळा देऊन कोहळा

महूहून आग्रा-मुंबई रस्त्याने नैर्ऋत्येस निघाले म्हणजे विंध्याचा उतार सुरू होण्याआधी मानपूर लागते. इंग्रजी अमदानीत आसपास होळकर, धार अशी संस्थाने, आणि त्यांच्या मध्ये हा एक परगणा तेवढा थेट इंग्रज सरकारच्या अमलाखाली होता. आज ते इंदूर जिल्ह्यातील एक साधे बाजाराचे गाव आहे. जवळच जानापावचा डोंगर. चंबळा नदी तेथे उगम पावते, आणि परशुरामाचा जन्मही तेथलाच, असे त्या मुलखातील लोक श्रद्धेने सांगतात. समुद्र मागे सारून ज्याने कोकणची भूमी वसविली असे आपण मानतो, त्याचे जन्मस्थान माळव्याच्या पठारावर निघावे याचे आमच्या कोकणी वाचकांस नवल वाटेल. आम्हांस मात्र त्या नात्याने मानपूर कधी परके वाटले नाही. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब तेथे आमच्या परिचयाचे आहे, आणि गेल्या मार्गशीर्षात आम्ही त्यांच्याकडे चार दिवस उतरलो होतो.

तो आवळ्याचा हंगाम. हाटाच्या दिवशी डोंगराकडच्या वस्त्यांतून आलेल्या बाया जमिनीवर फडके पसरून आवळ्यांचे ढीग लावून बसल्या होत्या. भाव किरकोळ, त्यातही गिऱ्हाईक घासाघीस करणार. तेथून वीस पावलांवर औषधांचे दुकान. त्या दुकानात तोच आवळा गोळीच्या, चूर्णाच्या, रसाच्या आणि पाण्यात टाकताच फसफसणाऱ्या वडीच्या रूपाने मांडलेला होता. प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द. दुकानदार मोठा गोड बोलणारा. “ले जाओ काकाजी, ताकत बनी रहेगी, फ्लू पास नहीं आएगा,” असे म्हणून त्याने एक डबा आमच्याही हातावर ठेवला. डब्याच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. ती कायद्याने छापावीच लागते. पुढील बाजूस काय आहे ते दुकानदार वाचून दाखवितो. मागील बाजूस काय आहे ते ज्याचे त्याने वाचावयाचे!

ही गंमत म्हणून सोडून दिली असती. परंतु आम्ही उतरलो होतो त्याच घरी आदल्या वर्षी काय घडले ते आम्हांस रात्री कळले. घरातील आजींचे वय पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यात मधुमेह. त्यांस थंडी वाजून ताप भरला, अंग मोडून आले, कोरडा खोकला लागला. चिरंजीव शिकलेले. त्यांनी एका दिवाळी अंकात असा लेख वाचला होता की, इन्फ्लुएंझाचा विषाणू शरीरात ‘फ्री रॅडिकल’ नावाचे दाहक कण निर्माण करतो आणि अँटिऑक्सिडंट दिल्याने ते विझतात. त्यांनी तीन निरनिराळे डबे आणले आणि पाच दिवस नेमाने दिले. सहाव्या दिवशी आजींस श्वास पुरेना, बोलणे असंबद्ध होऊ लागले. तेव्हा मोटार करून त्यांस इंदूरला नेले. फुप्फुसे न्यूमोनियाने भरली होती. आजी वाचल्या. पण त्या वर्षीच्या सोयाबीनचा सारा पैसा त्यात गेला, आणि पूर्वी पहाटे उठून अंगण झाडणाऱ्या आजी आज भिंतीचा आधार घेऊन चालतात. चिरंजीव आम्हांस म्हणाले, “आम्ही काही अंगारेधुपारे केले नव्हते हो. विज्ञानाचेच तर ऐकले!”

हे वाक्य आम्हांस अद्याप सोडीत नाही, आणि या लेखास कारणही तेच. अंगाऱ्याविरुद्ध लिहिणे सोपे आहे. आगरकरांपासून ते काम चालत आले आहे. पण विज्ञानाची भाषा बोलणारा अंगारा ओळखावा कसा? आमचे म्हणणे थोडक्यात असे: अँटिऑक्सिडंटांचा इन्फ्लुएंझावर उपयोग होईल की काय, हा प्रश्न खरा आहे, प्रामाणिक आहे, आणि चांगल्या शास्त्रज्ञांनी तो विचारला आहे. परंतु प्रश्न विचारला गेला एवढ्यावर उत्तर मिळाले असे भासवून जे विकतात, आणि जे तसे छापतात, ते लोकांचा पैसा तर घेतातच. पण त्याहून मोलाचे जे पहिले दोन दिवस, तेही घेतात.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू न्यायाने मांडू. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत ज्यास ‘प्रतिऑक्सिडीकारक’ म्हणतात आणि बाजारात ज्यास अँटिऑक्सिडंट म्हणतात, तो पदार्थ ऑक्सिजनपासून निपजणाऱ्या उग्र कणांस शांत करतो. कापलेले सफरचंद काळवंडते, तेल खवट होते, ही ऑक्सिडीभवनाची घरगुती उदाहरणे. फोडींवर लिंबू पिळले की त्या लवकर काळ्या पडत नाहीत, हे प्रत्येक गृहिणी जाणते. आता इन्फ्लुएंझात पुष्कळदा असे होते की, विषाणूने केलेल्या नासाडीपेक्षा त्याच्यावर तुटून पडलेल्या आपल्याच संरक्षक पेशींनी केलेली नासाडी अधिक ठरते. १९८९ साली जपानमधील कुमामोतो विद्यापीठातील ओदा, आकाइके, माएदा आदी संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, इन्फ्लुएंझा झालेल्या उंदरांच्या फुप्फुसांत सुपरऑक्साइड नावाचा उग्र कण फार वाढतो. तो नष्ट करणारे विकर (एन्झाइम) एका बहुलकास जोडून त्यांनी टोचले, तेव्हा बरेच उंदीर वाचले. शोध उत्तम होता. आम्ही त्यास नमस्कार करतो.

पण वाचकहो, त्या प्रयोगात काय होते ते पुन्हा पाहा. उंदीर होते, माणसे नव्हती. प्रयोगशाळेत मुद्दाम घडविलेले विकर होते. आवळ्याचे चूर्ण नव्हते. ते टोचून दिले होते. गिळावयास दिले नव्हते. कुमामोतोच्या उंदरापासून मानपूरच्या आजीपर्यंतचे अंतर एका वाक्यात ओलांडणे हे शास्त्र नव्हे.

शिवाय आणखी एक गोष्ट हे लेख कधी सांगत नाहीत. ते उग्र कण केवळ शत्रू नाहीत. ते आपली शस्त्रेही आहेत. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंस गिळून याच सुपरऑक्साइडाच्या साहाय्याने मारतात. काही बालकांत जन्मतःच ही शक्ती नसते. अशा मुलांस जंतूंचे व बुरशीचे गंभीर विकार पुन्हा पुन्हा होतात, आणि पूर्वी त्यांतील बरीच मुले बालपणीच दगावत. इन्फ्लुएंझाचे बरेच मृत्यू तर विषाणूच्या मागून शिरणाऱ्या जंतूंच्या न्यूमोनियाने होतात. १९१८ च्या साथीतील बहुतेक मृत्यू तसेच झाले, असे त्या काळी जपून ठेवलेले फुप्फुसांचे नमुने तपासून संशोधकांनी २००८ साली दाखविले. मग ज्या विस्तवावर आपण जंतू भाजतो तोच विस्तव सरसकट विझविणे हितकर, असे कोणी आणि कशावरून ठरविले? केव्हा विझवावा, किती विझवावा, कोणाच्या शरीरात विझवावा, हे ठरवावयास फार काळजीपूर्वक केलेल्या चाचण्या लागतात. डब्यावरच्या एका शब्दाने ते ठरत नाही.

माणसांवर काही चाचणी झालीच नाही काय? झाली. १९९७ साली इटलीतील दे फ्लोरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २६२ व्यक्तींवर, त्यांत बहुसंख्य वृद्ध, एन-ॲसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंट औषधाची परीक्षा केली. सहा महिने, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ६०० मिलिग्रॅम. औषध घेणाऱ्यांस आणि न घेणाऱ्यांस विषाणूची बाधा सारखीच झाली. परंतु ज्यांस बाधा झाली त्यांपैकी औषध घेणाऱ्यांत २५ टक्क्यांस लक्षणे दिसली आणि नुसती निरौषध गोळी घेणाऱ्यांत ७९ टक्क्यांस. निकाल लक्षणीय आहे यात संशय नाही, आणि तो मोठ्या प्रमाणावर पडताळून पाहण्याजोगा आहे. पण हे औषध सहा महिने आधीपासून, प्रतिबंध म्हणून दिलेले होते. ताप भरल्यावर सुरू केल्यास काय होते, हा प्रश्न त्या चाचणीत विचारलेलाच नव्हता. एन-ॲसिटिलसिस्टीन हे रुग्णालयांत कफ पातळ करण्यासाठी आणि पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा म्हणून वापरतात. ते आवळ्यात नसते, कोकमात नसते, च्यवनप्राशातही नसते. तरीही त्या एका चाचणीचा हवाला देऊन वाटेल तो डबा खपविला जातो. एकाने परीक्षा द्यावी आणि उत्तीर्ण झाल्याचे पेढे दुसऱ्याने वाटावे, असला हा प्रकार आहे.

जीवनसत्त्व ‘क’ ची कथा याहून जुनी. लायनस पॉलिंग हा थोर रसायनशास्त्रज्ञ. १९५४ चे रसायनशास्त्राचे आणि १९६२ चे शांततेचे, अशी दोन नोबेल पारितोषिके त्यास मिळाली. १९७० साली त्याने जीवनसत्त्व ‘क’ आणि सर्दी यांवर पुस्तक लिहिले, आणि १९७६ च्या आवृत्तीत त्यास इन्फ्लुएंझाही जोडला. एवढ्या मोठ्या माणसाने सांगितल्यावर जगभर गोळ्यांचा पूर लोटला. पुढे चाचण्या झाल्या. २०१३ साली कॉक्रेन या संस्थेने ११,३०६ व्यक्तींवरील २९ तुलनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. सामान्य माणसाने रोज जीवनसत्त्व ‘क’ घेतले तरी सर्दी होण्याचे टळत नाही. झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे ८ टक्के लवकर बरी होते. आणि सर्दी झाल्यावर घ्यावयास आरंभ केला तर खात्रीचा असा काहीच लाभ दिसत नाही. अपवाद एकच: अतिश्रम करणारे धावपटू, बर्फावरचे खेळाडू आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक यांत सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले. लक्षात घ्या, हे सारे साध्या सर्दीविषयी आहे. इन्फ्लुएंझा ही सर्दीची थोरली बहीण नव्हे, तो वेगळा आणि प्रसंगी प्राणघातक रोग आहे. पॉलिंगचा थोरपणा त्यामुळे कमी होत नाही. थोर माणसाचे मतही तराजूत घालावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

येथवर आले म्हणजे सज्जन माणसे म्हणतात, “असेना का! अपाय तर काही नाही ना?” या ‘अपाय नाही’ ने जितके नुकसान केले आहे तितके उघड विषाने केले नसेल. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांस जीवनसत्त्व ‘ई’ आणि गाजरातील बीटा-कॅरोटीन ही दोन नामांकित अँटिऑक्सिडंटे देऊन पाहिली. १९९४ साली निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेले निघाले. २०२२ साली अतिदक्षता विभागांतील, जंतुसंसर्ग रक्तात भिनलेल्या ८७२ रुग्णांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. शिरेतून जीवनसत्त्व ‘क’ दिलेल्यांपैकी ४४.५ टक्के रुग्ण २८ व्या दिवशी एक तर मृत झाले होते वा त्यांचे अवयव अद्याप यंत्राच्या व औषधांच्या आधारावर होते; ते न दिलेल्यांत हे प्रमाण ३८.५ टक्के होते. उपकार होईल म्हणून दिले आणि अपकार झाला. जे शरीरावर काही परिणाम घडवू शकते ते वाईट परिणामही घडवू शकते. आणि जे कधीच वाईट परिणाम घडवीत नाही, ते बहुधा चांगलाही घडवीत नाही. खेरीज आजींस झालेला अपाय गोळीच्या रसायनाने झालाच नाही. गोळी देतो आहोत या समाधानात जे पाच दिवस गेले, त्यांनी तो केला.

दुसरा आक्षेप अधिक जोराचा आहे, आणि तो आमच्या अनेक मित्रांकडून येतो. “तुम्ही परदेशी औषध कंपन्यांचे वकील! आमच्या मातीतले ते खोटे, त्यांच्या कारखान्यातले ते खरे!” याचे उत्तर आम्ही एका मसाल्याच्या पदार्थाने देतो. आपल्या मसाल्याच्या डब्यात जे चक्रफूल असते, ज्यास बादियान म्हणतात, त्यात शिकिमिक आम्ल नावाचे द्रव्य असते. इन्फ्लुएंझावरील ओसेल्टामिविर हे औषध त्या द्रव्यापासून तयार करता येते, आणि २००५ च्या सुमारास बर्ड फ्लूच्या धास्तीने त्याची मागणी वाढली तेव्हा बाजारात चक्रफुलाचा तुटवडा पडला होता. म्हणजे वनस्पतीपासून औषध निघते, हे कोणीच नाकारीत नाही. पण चक्रफूल घातलेला रस्सा ओरपल्याने इन्फ्लुएंझा हटत नाही. द्रव्य वेगळे काढावे लागते, अनेक रासायनिक पायऱ्यांनी त्याचे रूप पालटावे लागते, आणि मग माणसांवर पारखावे लागते. आवळ्याने आणि गुळवेलीने हीच वाट चालावी, आणि ती आपल्याच देशातील संशोधकांनी चालावी, असे आम्हांस मनापासून वाटते. वाट न चालता मुक्कामाला पोचल्याची द्वाही फिरविणे, एवढ्यालाच आमचा विरोध आहे.

आणि ओसेल्टामिविरासही आम्ही तोच तराजू लावतो. त्या औषधाच्या चाचण्यांचे पुरे अहवाल मिळविण्यासाठी कॉक्रेनच्या संशोधकांस कंपनीशी वर्षानुवर्षे झगडावे लागले. ते मिळाल्यावर २०१४ साली त्यांनी सांगितले की, प्रौढांत लक्षणांचा काळ सरासरीने १७ तासांच्या आसपास कमी होतो. एवढ्यासाठी सरकारांनी कोठारे भरली होती! तेव्हा चमत्कार तेथेही नाही. पण तेथे निदान किती लाभ, कोणास, केव्हा, हे आकड्यांत सांगता येते. वृद्ध, गर्भवती, मधुमेही अशा जोखमीच्या रुग्णांस पहिल्या ४८ तासांत ते देण्याचा सल्ला जगभरचे वैद्य देतात त्यास आधार दाखविता येतो. डब्यावाल्यांस आम्ही एवढेच विचारतो: तुमचा आकडा कोणता?

आकडा विचारला की ते एक कोष्टक पुढे करतात. अमुक फळाची अँटिऑक्सिडंट शक्ती इतकी हजार, तमक्याची तितकी हजार. हा आकडा परीक्षानळीतला आहे. अमेरिकेच्या शेतकी खात्याने असले एक मोठे कोष्टक आपल्या संकेतस्थळावर ठेवले होते. कंपन्या त्याचा जाहिरातींसाठी दुरुपयोग करतात आणि त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध सिद्ध झालेला नाही, असे सांगून २०१२ साली त्याच खात्याने ते काढून टाकले. आपल्या आवळ्याचेच पाहा. जुन्या भारतीय कोष्टकांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व ‘क’ लिहिलेले असे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या नव्या कोष्टकांत ते २५० च्या आसपास आहे. तेही थोडे नव्हे. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम धरलेली आहे. म्हणजे एक मोठा आवळा खाल्ला की काम भागले. रोज २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या पुढे कितीही गिळले तरी रक्तातील पातळी फारशी चढत नाही. उरलेले मूत्रावाटे निघून जाते. हजार मिलिग्रॅमची फसफसती वडी घेणारा गृहस्थ त्यातला मोठा वाटा पैसे देऊन मोरीत सोडीत असतो.

मग अन्नातील या द्रव्यांचे महत्त्व आम्ही अमान्य करतो काय? मुळीच नाही. उलट आमचा खरा राग येथेच आहे. १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला आणि आगगाडीच्या वाटांनी देशभर पसरला. शरद ऋतूतील दुसरी लाट भयंकर होती. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, माणसे आधीच उपाशी होती. हिंदुस्थानात सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत माणसे मेली, असे निरनिराळे अंदाज आहेत; एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक. मुंबई शहरातील मृत्यूंचे जातवार प्रमाण उपलब्ध आहे. युरोपियनांत हजारी ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांस तेव्हा ‘खालच्या जातीचे’ म्हणत त्यांच्यांत हजारी ६१.६! विषाणू एकच होता. घरे एक नव्हती, ताट एक नव्हते. आपल्या समाजाची यापेक्षा कठोर परीक्षा कोणी घेतली असेल असे आम्हांस वाटत नाही.

अलीकडे प्रयोगशाळेनेही याच दिशेस बोट दाखविले आहे. अमेरिकेतील मेलिंडा बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली असे दाखविले की, ज्या उंदरांच्या आहारात सेलेनियम हे द्रव्य कमी होते त्यांच्या शरीरात इन्फ्लुएंझाचा सौम्य विषाणू स्वतःच बदलून अधिक मारक झाला. सेलेनियम हे शरीराच्या स्वतःच्या अँटिऑक्सिडंट यंत्रणेस लागणारे द्रव्य. तेव्हा उणीव घातक असते, हा बोध खरा. पण भरल्या पोटी वर आणखी डबा रिचविल्याने कवच मिळते, हा त्याचा अर्थ नव्हे. दिवा लावावयास तेल लागते; म्हणून भरल्या दिव्यात आणखी तेल ओतले तर उजेड वाढत नाही, तेल सांडते. आणि आजची स्थिती अशी की, ज्यांच्या दिव्यात तेल नाही त्यांच्यापर्यंत डबा पोचत नाही, आणि ज्यांच्या घरी डबे आहेत त्यांचे दिवे भरलेले आहेत. हाटात आवळे विकणारी बाई दिवसाची मिळकत घेऊन घरी काय शिजविते, तिच्या पोरांच्या ताटात डाळ, भाजी, अंडे किती वेळा येते, हा खरा अँटिऑक्सिडंटांचा प्रश्न आहे. पण त्या प्रश्नाची जाहिरात कोण देणार?

आता थोडे आमच्या स्वतःच्या आळीविषयी. आजींच्या चिरंजीवांनी तो लेख दिवाळी अंकात वाचला होता, हे आम्ही विसरलेलो नाही. मराठी आणि कोकणी नियतकालिकांचा संसार कसा चालतो हे आम्हांस ठाऊक आहे. कागदाचे, छपाईचे, टपालाचे हिशेब आम्हीही रात्री बसून जुळवितो. जाहिरात घ्यावी लागते. परंतु जाहिरातीस लेखाचा अंगरखा घालून तिला साहित्याच्या पंगतीस बसविणे, हे आम्ही संपादकांनी केलेले पाप आहे. २००९ साली पुण्यात स्वाईन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तेव्हा, आणि पुन्हा २०२० साली कोरोनाच्या काळात, ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या मथळ्याखाली किती पाने भरली गेली! त्या पानांवर ‘ताप तीन दिवसांत उतरला नाही तर काय करावे’ हे सांगणाऱ्या ओळी किती होत्या? पुण्यातच १९५२ पासून विषाणुसंशोधनाचे कार्य करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिचे दार ठोठावून दोन प्रश्न विचारण्याइतकेही कष्ट आम्ही पुष्कळदा घेतले नाहीत. वैद्यकाची पदवी नसली तरी प्रश्न विचारण्याची बुद्धी आम्हांस होती. ती आम्ही वापरली नाही.

म्हणून निदान या अंकापुरते ते कर्तव्य पार पाडतो. इन्फ्लुएंझा बहुतेकांत विश्रांतीने, पातळ पदार्थांनी आणि काळाने बरा होतो. म्हणूनच कोणत्याही डब्यास श्रेय घेणे सोपे जाते. पण पासष्टीच्या पुढील माणसे, लहान मुले, गर्भवती स्त्रिया, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले, यांस थंडीताप भरून खोकला लागला तर पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांस दाखवावे. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, वृद्ध माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागणे, अथवा उतरलेला ताप पुन्हा उसळणे, यांपैकी काहीही दिसले तर घटकाभरही थांबू नये. दोन दिवस उलटून गेले असले तरी जावेच. जोखमीच्या माणसांनी दरवर्षी इन्फ्लुएंझाची लस घेण्याविषयी डॉक्टरांस विचारावे. लसही पूर्ण कवच नाही, आणि विषाणू रूप पालटतो म्हणून ती दरवर्षी नवी घ्यावी लागते. पण तिचे गुणदोष मोजलेले आहेत. डब्यांस जो पैसा लागतो त्यात तिचा खर्च बहुधा भागतो. आणि कोणी काही विकू लागला तर तीन प्रश्न विचारावेत: हे माणसांवर पारखले काय? ताप भरल्यानंतर दिले होते काय? आणि न घेणाऱ्यांशी तुलना केली होती काय?

आवळ्यावर आमचा राग नाही, हे शेवटी पुन्हा सांगतो. कार्तिक शुद्ध नवमीस आवळीच्या झाडाखाली पंगत मांडणारी आपली परंपरा आम्हांस प्रिय आहे. मोरावळा, आवळ्याचे लोणचे, उन्हाळ्यातली सोलकढी आणि गोव्याकडचे भिरंड, ही आपल्या जिभेची संपत्ती आहे. कोकमातील गार्सिनॉलचे नाव कानी पडण्यापूर्वी शेकडो वर्षे आपण सोलकढी पीत आलो, कारण ती चवीला छान लागते आणि जेवण पुरे झाल्यासारखे वाटते. अन्नास एवढे प्रशस्तिपत्र पुरे आहे. त्यास न्यायालयात उभे करून, ज्याविषयी ते काही जाणत नाही त्याविषयी साक्ष द्यावयास लावू नये.

आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण आपल्या पूर्वजांनी लबाड माणसासाठी केली. आज दुकानात ती अक्षरशः खरी झालेली दिसते: हाटात कवडीमोलाने घेतलेला आवळा द्यावयाचा आणि सोयाबीनच्या पैशाचा कोहळा काढावयाचा. निघण्याच्या दिवशी आम्ही त्या बायांकडून दोन शेर आवळे घासाघीस न करता घेतले, आणि आजींनी भिंतीस टेकून बसून त्यांचा मोरावळा कसा करावा ते सुनेस सांगितले. तो आम्ही घरी आणला आहे. फार चांगला झाला आहे. त्याने आमचा इन्फ्लुएंझा टळेल असे आम्ही समजत नाही. त्यासाठी आम्ही लस घेतली आहे.